जुन्या ठोकळ्याशी इमान

विज्ञानकथेतलं एखादं यान ठोकळ्यांनी बांधायचा संच चांगला आहे का, हे ठरवताना आज बहुतेक लोक त्याच्या खोक्याकडे बघतात. पडद्यावरच्या यानाशी तो किती जुळतो, त्यात ठोकळे किती, बारकावे किती, यावर त्याची प्रत ठरते आणि किंमतही. हे माप जेमतेम पंचवीस वर्षांचं आहे. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं असे संच निघत होते, पडद्यावरच्या कुठल्याच यानाशी त्यांचं नातं नव्हतं, आणि तरी ते उत्तम मानले जात. मग तेव्हा उत्तम कशाला म्हणत होते? डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात लेगो कंपनीने १९७८ साली अंतराळाची मालिका सुरू केली. तिथपासून आजपर्यंतचा माग काढला तर मला एकच उत्तर मिळतं. संचाची प्रत चित्राशी असलेल्या साम्यावरून ओळखू नये. घरातल्या डब्यात आधीपासून पडलेल्या ठोकळ्यांशी तो किती इमान राखतो, त्यावरून ओळखावी. आणि या इमानाची सगळ्यांत कठोर परीक्षा अंतराळयानच घेतं.

या मापाचं मूळ प्लास्टिकच्याही आधीचं आहे. ओले कर्क क्रिस्टियानसेन हा बिलुंडचा सुतार. १९१६ साली त्याने तिथली सुतारशाळा विकत घेतली, घरं बांधली, फर्निचर केलं. १९३०च्या आसपास जागतिक मंदीने शेतकऱ्यांच्या हातातला पैसा गेला, बांधकामं थांबली, आणि १९३२पासून तो शिड्या, इस्त्रीचे पाट आणि लाकडी खेळणी करू लागला. ‘चांगलं खेळ’ अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द जोडून १९३४मध्ये लेगो हे नाव आलं. त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने एकदा लाकडी बदकांना रोगणाचे तीन हात द्यायचे ते दोनच दिले आणि पैसे वाचवल्याचं वडिलांना कौतुकाने सांगितलं. वडिलांनी त्याला रेल्वे स्टेशनवर पाठवून माल परत आणवला आणि तिसरा हात मारायला लावला. ही गोष्ट कंपनी स्वतःच सांगत आली आहे, त्यामुळे तिच्यातला गौरवाचा भाग वजा करूनच ती घ्यावी. पण तिच्यात गुणवत्तेची जी कल्पना आहे ती महत्त्वाची. रोगणाचा तिसरा हात गिऱ्हाइकाला दुकानात दिसत नाही. बदक चार वर्षं अंगणात, पाण्यात, मुलांच्या तोंडात गेल्यावर तो दिसतो. म्हणजे इथे मालाची प्रत विक्रीच्या दिवशी ठरत नाही, पुढच्या काळात ठरते.

ठोकळा मात्र बिलुंडची मूळ कल्पना नव्हे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज याने ‘किडिक्राफ्ट’ या नावाने प्लास्टिकचे एकमेकांवर बसणारे ठोकळे काढले होते. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रिस्टियानसेनने प्लास्टिक ओतायचं यंत्र घेतलं, तेव्हा पेजच्या ठोकळ्याचे नमुने त्याच्यासमोर आले आणि १९४९ साली बिलुंडमधून जवळजवळ तसेच ठोकळे बाहेर पडले. माप मिलिमीटरमध्ये बसवलं, कडा आणि वरचे उंचवटे थोडे बदलले, एवढाच फरक. किडिक्राफ्टच्या ठोकळ्याचे हक्क लेगोने रीतसर विकत घेतले ते १९८१ साली, पेजच्या मृत्यूनंतर दोन तपांनी. त्या पहिल्या ठोकळ्याचा दोष असा होता की तो आतून पोकळ होता. एकावर एक रचले तर ठोकळे बसत, पण धरून ठेवत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजी गॉटफ्रेडने ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात ठोकळ्याच्या पोटात नळ्या आल्या. खालच्या ठोकळ्याचा उंचवटा वरच्याच्या भिंती आणि नळी यांच्या बेचक्यात घट्ट धरला जाऊ लागला. इथे ठोकळ्याला पकड मिळाली, आणि पकड हाच पुढे या धंद्याचा कणा झाला.

कंपनी १९५८चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो असं अभिमानाने सांगते. माझ्या मते खरं वर्ष १९६३ आहे. त्याआधीचे ठोकळे सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि ते प्लास्टिक काळाबरोबर वाकडं होतं, रंग सोडतं. अशा ठोकळ्याने कितीही वचन दिलं तरी ते पाळणं त्याच्या हातात नव्हतं. १९६३ साली एबीएस हे कडक, चिवट प्लास्टिक आलं आणि वचन पाळण्याची ताकद मालात आली. मापं साधी आहेत. दोन उंचवट्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. साच्यातली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी ठेवावी लागते. याहून सैल झालं तर भिंत सुटते, घट्ट झालं तर पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना ठोकळा निघत नाही. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे, आणि ती दर वर्षी, दर साच्यात, दर रंगात पुन्हा गाठायची असते. रंगद्रव्य बदललं की प्लास्टिकचं आकुंचनही किंचित बदलतं. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असं डॅनिश गणितज्ञांनी मोजून दाखवलं आहे. सहा ठोकळ्यांपैकी एक जरी मापात चुकला तरी या आकड्याचा अर्थ उरत नाही.

आता अंतराळयानाकडे वळू. घर, किल्ला, आगगाडीचं स्टेशन या गोष्टी टेबलावर उभ्या राहतात. वजन खाली जातं आणि पकड सैल असली तरी गुरुत्वाकर्षण सांभाळून घेतं. यान मात्र मुलाच्या हातात उडतं. ते उलटं होतं, गिरकी घेतं, सोफ्यावर आदळतं. त्याचे पंख आडवे, पातळ आणि एकाच बाजूने धरलेले असतात, आणि सगळा ताण पंखाच्या मुळाशी दोन-तीन पट्ट्यांवर येतो. म्हणून ठोकळ्यांत खरंच दम आहे का हे बघायचं असेल तर भिंत बघू नये, पंख बघावा. येन्स नीगॉर्ड क्नुडसेन या रचनाकाराच्या हाताखाली लेगोची अंतराळ मालिका आकाराला आली. हातपाय हलणारी छोटी माणसंही त्याचीच, आणि तीही १९७८चीच. मालिकेतलं सर्वांत नावाजलेलं यान म्हणजे १९७९चं गॅलक्सी एक्सप्लोरर: ३३८ तुकडे, निळं-राखाडी शरीर, पिवळ्या पारदर्शक काचा, मागे उघडणारी दारं आणि त्यातून उतरणारी छोटी गाडी. त्याच घराण्यातली आणखी दोन लहान यानं त्याच वेळी मिळत. ‘स्टार वॉर्स’ सिनेमा १९७७ साली आला होता, पण या यानांवर तोफा नव्हत्या आणि ती कुठल्या कथेतलीही नव्हती. खोक्याच्या मागच्या बाजूला त्याच तुकड्यांतून होणाऱ्या इतर रचनांची चित्रं असत, सूचना नसत. तेवढ्यावरून मुलाने शोधून काढायचं. मला या मालिकेचं मोठेपण इथे दिसतं. उतरते पंख, शंकू, काचा, तबकड्या असे खास तुकडे तिने आणले, पण प्रत्येक तुकडा जुन्या आठ मिलिमीटरच्या जाळीवर बसणारा होता. आदल्या वर्षीच्या घराचं छप्पर यानाच्या शेपटीला लावता येत होतं, आणि यानाची काच पुढे एखाद्या पाणबुडीला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे आठवणींनी गोड झालेलं चित्र आहे. जुना माल प्रत्यक्षात कच्चा होता. आक्षेपात तथ्य आहे. या यानांतल्या छोट्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा इतका बारीक होता की तो मधोमध तुटे. छातीवरचं सोनेरी चिन्ह बोटांनी घासून पुसलं जाई. पांढरे, निळे आणि राखाडी ठोकळे उन्हात ठेवले तर पिवळट पडत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्या काळातल्या लाल-पिवळ्या ठोकळ्यांच्या रंगात कॅडमियम असे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात जुन्या खेळण्यांची तपासणी झाली तेव्हा हे स्पष्टपणे समोर आलं. आजच्या सुरक्षेच्या नियमांत तो माल बसणार नाही, आणि बसू नये. पण हे दोष कुठे आहेत ते पाहा. पट्टा, छपाई, रंग. सांधा त्यात नाही. पुढे १९८०च्या दशकात पट्टा जाड झाला, कॅडमियम गेलं, आणि या सुधारणा होत असताना जुना ठोकळा निकामी झाला नाही. पायाच चुकला असता तर सुधारणा म्हणजे नवी सुरुवात ठरली असती. २०१४च्या लेगो सिनेमातला निळा अंतराळवीर बेनी मुद्दाम तुटक्या पट्ट्याचा आणि अर्धवट पुसलेल्या चिन्हाचा दाखवला आहे. लहानपणी ज्यांच्या हातात तो अंतराळवीर होता, त्यांना तीस-पस्तीस वर्षांनी त्याच्या तुटण्याची जागासुद्धा ओळखीची वाटली. कारण तो अजून त्यांच्या डब्यात होता, आणि अजून खुर्चीत बसत होता.

इमान सुटलं की काय होतं, हे नव्वदच्या दशकाच्या शेवटी दिसलं. मोठे, एकाच कामाचे तुकडे वाढले. १९९७च्या उडत्या तबकड्यांच्या मालिकेत तबकडीचा मोठा भाग अशा भल्या थोरल्या तुकड्यांचाच होता. त्यांचं दुसरं काही करायचं म्हटलं तर मुलाला सुचायला फारसं उरत नसे. २००२ साली गॅलिडॉर नावाच्या दूरदर्शन मालिकेवर आधारित खेळणी आली. ती विज्ञानकथेतलीच, पण त्यांत ठोकळा जवळजवळ नव्हताच. हातपाय, शेपट्या, पंख एकमेकांत अडकवायचे एवढंच. ती लवकरच बंद पडली. वेगवेगळ्या तुकड्यांची एकूण संख्या तेव्हा बारा हजारांच्या पुढे गेली होती, प्रत्येकाला स्वतंत्र साचा, आणि एक साचा फार महाग. २००३-०४मध्ये कंपनी तोट्यात इतकी बुडाली की ती विकली जाईल अशी चर्चा होती. योर्गन विग क्नुडस्टॉर्प यांनी २००४ साली सूत्रं घेतल्यावर तुकड्यांची संख्या सुमारे सात हजारांवर आणली. या घसरणीची कारणं अनेक होती. उद्यानं, घड्याळं, कपडे, संगणकाचे खेळ अशा पसाऱ्याचाही त्यात वाटा होता. तरी सावरण्याचा रस्ता साच्यांच्या यादीतून गेला, ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९९ साली ‘स्टार वॉर्स’चा परवाना घेऊन संच निघाले, आणि त्यानंतर रचनेचं कौशल्य ज्या उंचीवर गेलं त्याच्यासमोर १९७९चं यान पोरखेळ वाटतं. २००७चं मिलेनियम फाल्कन ५,१९५ तुकड्यांचं, २०१७चं ७,५४१ तुकड्यांचं. आत दांड्यांचा आणि पिनांचा सांगाडा, वर कातड्यासारखे बसवलेले कलते पत्रे, आडवे आणि उलटे लावलेले ठोकळे. हे सगळं त्याच जुन्या सांध्यांवर उभं आहे, आणि त्या रचनाकारांच्या हुन्नराला मी मनापासून दाद देतो. मोठा फाल्कन उभा राहतो याचं श्रेय १९६३च्या सांध्याइतकंच त्यांचंही आहे. पण साम्य हे एकमेव माप झालं की दोन गोष्टी घडतात. एक, खोक्याच्या मागची ती दुसऱ्या रचनांची चित्रं जातात; पडद्यावर यान एकच असतं, त्याला पर्याय दाखवून काय करणार? दुसरी, साम्यासाठी जुन्याशी तडजोड सोपी वाटू लागते. नक्षी ठोकळ्यावर छापण्याऐवजी चिकटपट्टी दिली जाते. पहिल्या दिवशी दोन्ही सारखीच दिसतात, पण पट्टी काही वर्षांनी कडांना उचलली जाते, आणि एकदा चिकटवली की तो तुकडा कायमचा त्याच यानाचा होतो. तपकिरी आणि गडद लाल रंगाचे काही वर्षांतले ठोकळे काढताना चटकन चिरतात, हा संग्राहकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. विज्ञानकथेतली वाळवंटी यंत्रं आणि यानांच्या खुणा नेमक्या याच रंगांत असतात.

सर्वांत खोल चरा मात्र राखाडी रंगाला गेला. २००४च्या सुमारास कंपनीने जुना किंचित पिवळसर राखाडी बंद करून निळसर राखाडी आणला, गडद राखाडी आणि तपकिरीही बदलले. तांत्रिकदृष्ट्या यात काही चुकलं नाही. नवा ठोकळा जुन्यावर बसत होता, पकड तीच होती. पण अंतराळयानाचं शरीर राखाडी असतं, आणि वीस वर्षं जमवलेल्या राखाडी ढिगात नवा तुकडा ठिगळासारखा दिसू लागला. मोठ्या वयाच्या शौकिनांनी केलेला निषेध अनेकांना हट्ट वाटला. मला तो रास्त वाटतो. त्यांनी रंग सुंदर की असुंदर हा वाद घातलाच नाही. जुनं यान दुरुस्त करण्याचा त्यांचा हक्क गेला होता. मापात पाळलेलं वचन रंगात मोडता येतं, हे तेव्हा प्रथमच इतक्या ठळकपणे दिसलं.

तिसरा आक्षेप हिशोबी आहे: सगळं महत्त्व जुन्यावर बसण्यालाच असेल, तर स्वस्तातला कुठलाही ठोकळा चालेल, तोही बसतोच. इथे कायद्याचा इतिहास कामी येतो. पेटंटची मुदत संपल्यावर ठोकळ्याच्या आकारावर मालकी टिकवायचा लेगोने वेगवेगळ्या देशांत प्रयत्न केला आणि मोठ्या न्यायालयांत ती हरली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मॉन्ट्रियलच्या मेगा ब्लॉक्सच्या बाजूने निकाल दिला, युरोपीय न्यायालयाने २०१०मध्ये ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून नाकारला. उपयोगासाठी असलेला आकार कायमचा कोणा एकाचा होऊ शकत नाही, हे तत्त्व मला योग्यच वाटतं. पेजच्या ठोकळ्यावरून सुरुवात करणाऱ्याने तरी त्याला हरकत घेऊ नये. मेगा ब्लॉक्सने ‘हेलो’ या अंतराळयुद्धाच्या खेळावरचे संच काढून स्वतःचा गिऱ्हाईकवर्ग उभा केला, तो कायदेशीर धंदा होता. चीनमधल्या लेपिनने मात्र खोकी, चित्रं आणि सूचना पुस्तिकांसकट फाल्कनची नक्कल केली. २०१९ साली शांघाय पोलिसांनी कारखान्यांवर छापे घातले आणि पुढल्या वर्षी प्रमुखाला तुरुंगवास झाला. आकार सगळ्यांचा झाल्यावर एकाचा माल दुसऱ्यापासून वेगळा ठरवणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे सातत्य. ‘बसतो’ हा शब्द इथे फसवा आहे. एक स्वस्त ठोकळा बसतो, शंभरही बसतील. सात हजारांच्या यानात शेकडो ठोकळे एका ओळीत येतात, प्रत्येकातली बारीक चूक पुढच्यात मिळत जाते, आणि दुसऱ्या टोकाला पत्रा सांध्यावर येतच नाही. दहा लाखांत सुमारे अठराच ठोकळे नापास होतात असा लेगोचा दावा आहे. दाव्याकडे कोणी कसंही बघो, एवढ्या मोठ्या यानांचे संच सरळ बांधून होतात ही गोष्ट कोणीही तपासून पाहू शकतं.

एक आक्षेप असाही आहे की जो ठोकळा टिकतो, तो नको तिथेही टिकतो. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी टोकियो एक्सप्रेस या जहाजावरून ६२ कंटेनर इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ समुद्रात पडले. एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते, आणि ते आजही किनाऱ्यावर सापडतात. प्लिमथच्याच संशोधकांनी २०२० साली किनाऱ्यावरचे झिजलेले ठोकळे जुन्या न वापरलेल्या ठोकळ्यांशी ताडून पाहिले आणि समुद्रात असा ठोकळा शंभर ते तेराशे वर्षं राहू शकतो असा अंदाज मांडला. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की तीन पिढ्यांच्या हातातून जाणारं खेळणं आणि एका पावसाळ्यात फेकलं जाणारं खेळणं यांत मी पहिलं निवडेन, आणि तेसुद्धा ते पहिलं खरोखर हातातून हातात जात असेल तरच.

गॅलक्सी एक्सप्लोरर २०२२ साली कंपनीच्या नव्वदीनिमित्त पुन्हा निघालं, मोठ्या आकारात, १,२५४ तुकड्यांचं. त्यात चिकटपट्ट्या नाहीत, सगळी नक्षी छापील. त्याच तुकड्यांतून १९७९ची दोन धाकटी यानंही बांधता येतील अशी सोय केली आहे. जुना अंतराळवीर नव्या खुर्चीत बसतो. पण त्याचा राखाडी २००४नंतरचा आहे, म्हणून जुन्या यानाचा तुटलेला पंख त्याच्यातून बेमालूम दुरुस्त होत नाही. प्लास्टिकचा प्रश्नही तसाच उभा आहे. २०१८पासून उसापासून केलेलं पॉलिइथिलीन झाडं आणि पानं यांच्या तुकड्यांत वापरलं जातं. ते मऊ आहे, आणि पानाला फारशी पकड लागत नाही. बाटल्यांच्या प्लास्टिकपासून ठोकळा करण्याचा प्रयोग २०२१मध्ये जाहीर झाला आणि २०२३मध्ये सोडून द्यावा लागला: ते प्लास्टिकही एबीएसपेक्षा मऊ निघालं, आणि त्यासाठीची नवी यंत्रसामग्री धरली तर एकूण प्रदूषण कमी होत नव्हतं. तेव्हा यानाशेजारच्या झाडाचं पान उसाचं झालं आहे. पंखाच्या मुळाशी मात्र अजून एबीएसच लागतं.